रात्री किती माणसं असतात, ते आधी विचार

पत्र :

ताई, बाबा गेल्यापासून म्हणजे दीड वर्ष झालं, आई एका वृद्धाश्रमात आहे. भाऊ पुण्याला कंपनीत आहे, तो महिन्याचे ८ हजार भरतो. माझं सासर दारव्ह्याकडे. एसटीनं जायला तीन तास लागतात, म्हणून महिना-दीड महिन्यातून एकदाच जाणं होतं. गेल्या रविवारी गेले तर आई भरदुपारी झोपलेली. हाक मारली तरी डोळे उघडेनात. ओठांना पापुद्रे आलेले. लुगडं सारखं करताना माकडहाडावर काळा डाग दिसला, रुपयापेक्षा मोठा, वास येत होता. विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "म्हातारपण आहे, असं होतंच. पटत नसेल तर घेऊन जा." शेजारच्या खाटेवरच्या आजी हळूच म्हणाल्या, "राती कोनी येत नाई वं बाई." गावाबाहेरची जागा, तिथं २४ जण आहेत, वर टिन आहे, कूलर फक्त ऑफिसात. भाऊ म्हणतो, तक्रार करू नको, त्यांनी काढलं तर ठेवायचं कुठं? माझ्या घरी सासू-सासरे, दोन खोल्या. मी काय करू?

– एक लेक

उत्तर :

बाई,

तू पत्रात दिलेल्या नंबरवर मी त्याच संध्याकाळी फोन केला, आईला आधी दवाखान्यात हलव एवढंच सांगितलं. सकाळी नेते म्हणालीस. नेलं असशील असं धरून पुढचं लिहिते. काही कारणानं राहिलं असेल तर हे वाचणं इथंच थांबव आणि एसटी पकड.

माकडहाडावरचा काळा डाग आणि वास म्हणजे बेडसोअर, पडून पडून होणारी जखम, आणि तोही पुढे गेलेला. काळं दिसतं ते मेलेलं कातडं. वरून रुपयाएवढं असलं तरी खाली जखम वाटीएवढी असू शकते. हळद भरून किंवा स्पिरिट चोळून ती भरत नाही. मेलेला भाग डॉक्टरांनाच काढावा लागतो. आणि आईच्या त्या पडून राहण्याला झोप म्हणू नकोस. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही अंगात जंतुसंसर्ग पसरतो, आणि पुष्कळदा पहिली खूण हीच असते, गुंगी नाहीतर असंबद्ध बोलणं. पाणी कमी पडलं तरी असंच दिसतं, साखर उतरली तरी असंच, झोपेची गोळी दिलेली असली तरी असंच. डॉक्टरांना हे चारही बघायला सांग. गोळ्या नेशील त्या पाकिटांसकट ने, डबीतल्या सुट्या पांढऱ्या गोळ्या कशाच्या आहेत हे कोणालाच कळत नाही. झोपेची गोळी त्यात निघाली तर ती कोणी लिहून दिली, कधीपासून, त्याची चिठ्ठी माग. रात्री म्हातारी माणसं हाका मारतात म्हणून गोळी देऊन निजवायची पद्धत मी पाहिलेली आहे. आई सत्तरीच्या वरची असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घे. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, योजनेतल्या दवाखान्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचा भरतीचा खर्च त्यात बसतो. कार्डाचं काम नंतर, जखम आधी.

आता "म्हातारपण आहे, असं होतंच" याबद्दल.

मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत सिस्टर होते, सगळी नोकरी यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. म्हातारपणानं कातडी पातळ होते हे खरं, पण जखम वयानं होत नाही. एकाच हाडावर तासन्‌तास अंगाचा भार राहिला की तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते. त्यात ओला डायपर, चुण्या पडलेली चादर, पोटात पुरेशी डाळ-अंडं-दूध नाही, एवढं जमलं की झालंच. म्हणून अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर फिरवतात. सगळं औषधशास्त्र बाजूला ठेवलं तरी हे एक काम करावंच लागतं, आणि त्याला दोन हात लागतात, पैसे नंतर.

माझीच एक चूक सांगते. एका मे महिन्यात आमच्याकडे एका वृद्धाश्रमातून आजोबा आणले. कुशीवर केलं तर पाठीला तळहाताएवढी जखम, हाड दिसत होतं. सोबत आलेली बाई चाळिशीची, पायांत फाटक्या स्लिपर. मी तिला सगळ्या वॉर्डासमोर झाडलं. माणसं आहेत की जनावरं, वगैरे जे तोंडाला आलं ते. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "सिस्टर, राती मी एकटीच असतो. सव्वीस जन हायेत. सहा जनाइले उठता येत नाई. तुमीच सांगा, कोनाकोनाले पलटवू?"

त्या रात्री ड्यूटीवर बसल्या बसल्या मी हिशेब केला. तिची पाळी रात्री आठ ते सकाळी सात. दर दोन तासांनी म्हणजे दहा, बारा, दोन, चार, सहा, असे पाच फेरे. सहा माणसं, म्हणजे तीस वेळा. कुशीवर करायचं, ओलं असेल तर पुसायचं, डायपर बदलायचा, उशी लावायची, एकाला दहा मिनिटं धर. पाच तास झाले. उरलेल्या वेळात वीस जणांचं संडास-लघवीला उठणं, पाणी मागणं, कोणी पडलं तर उचलणं, आणि अंगानं जड आजोबांना तर एकट्या बाईला फिरवताच येत नाही. म्हणजे ती बाई चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. मी ओरडले ती चुकीच्या माणसावर.

म्हणून तुझ्या शेजारच्या आजींचं ते वाक्य मला तुझ्या सगळ्या पत्रातलं सगळ्यांत कामाचं वाटतं. ऑफिसात जाशील तेव्हा "आईकडे लक्ष देत नाही तुम्ही" असं म्हणू नकोस. त्याला उत्तर तयार असतं, देतो की लक्ष. तू विचार: रात्री ड्यूटीवर किती जण असतात? अंथरुणावर किती जण आहेत? कुशीवर फिरवल्याची नोंद कुठं करता, मला दाखवा. नर्स आहे असं म्हणाले तर ती किती वाजता येते, रजिस्टरात सही कुठं आहे? या प्रश्नांना गोल उत्तर देता येत नाही. बोर्डावर "नर्सिंगची सोय" लिहिलेलं असलं म्हणून फसू नकोस. बहुतेक वृद्धाश्रम धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असतात, ती दवाखान्याची नोंदणी नसते. चालत्या-फिरत्या माणसांना जेवू-खाऊ घालायला म्हणून काढलेली जागा, आणि दहा वर्षांनी तीच माणसं अंथरुणाला खिळतात. व्यवस्था मात्र तीच राहते.

आणि आपल्याकडे हे विचारायला जीभ रेटत नाही, त्याचं कारण मला वाटतं त्या "आश्रम" शब्दात आहे. सेवाग्राम, मोझरीचं गुरुकुंज, असली नावं ऐकत आपण वाढलो. आश्रम म्हटलं की आपण चपला बाहेर काढतो आणि जीभही बाहेरच ठेवतो. गाडगेबाबा अशा ठिकाणी आले असते तर देव्हाऱ्याच्या आधी संडासाकडे गेले असते, हातात खराटा घेऊन. तूही तिकडेच आधी जा. फरशी ओली आहे का, कमोड आहे की म्हाताऱ्यांना उकिडवं बसवतात, धरायला दांडी आहे का, रात्री तिथवर दिवा असतो का. पडून खुबा मोडला की त्या वयात माणूस बरेचदा पुन्हा उठत नाही, आणि पडणं पुष्कळदा होतं ते रात्री लघवीला उठताना.

आईचं अंग कसं बघायचं ते सांगते. भेटीची वेळ आंघोळीच्या वेळेला साध, आणि सांगून जाऊ नकोस. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, कानाच्या पाळ्या, एवढं बोटांनी चाचपून बघ. लाल दिसलेल्या जागेवर बोट दाबून सोड. क्षणभर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर बरं. लालच राहिलं तर जखम सुरू झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही कधी कधी, तेव्हा आजूबाजूपेक्षा ती जागा गरम लागते का, कडक किंवा लिबलिबीत लागते का ते बघायचं. तिथं चोळायचं नाही. जखमेखाली कापडाची चुंबळ किंवा रबरी रिंग ठेवायची पद्धत आहे, ती बंद करायला लाव, त्यानं कडेचं रक्त अजून अडतं. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. हवेची गादी घेतलीस तर चांगलं, पण ती आली म्हणून कुशीवर फिरवणं थांबत नाही. हे गादी विकणारा सांगत नाही.

दंडावर बोटांचे वळ, मनगटाला बांधल्याच्या खुणा दिसल्या तर मात्र गोष्ट वेगळी. फोटो काढ, तारीख लिही, डॉक्टरांच्या कागदावर नोंद करून घे आणि ११२ ला फोन कर. तिथं रजिस्टर मागत बसायचं नाही.

आता टिनाचं. तू लिहिलंस आणि मला धडकीच भरली. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि टिनाखाली त्याहून जास्त. म्हाताऱ्या माणसाला तहानच कमी लागते. "पाणी पाहिजे का?" विचारलं तर ती नको म्हणणार, एक तर तहान कळत नाही आणि दुसरं, लघवीला कोण नेणार ही भीती. म्हणून विचारायचं नसतं, हातात ग्लास द्यायचा असतो, तासा-दीड तासानं अर्धा ग्लास. पाणी, ताक, आंबील, वरणाचं पाणी, काहीही. आई मूत्रपिंडाची किंवा हृदयाची रुग्ण असेल तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना विचार. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात ती तेवढीच ठेवायची का, हेही त्यांनाच विचार. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नकोस.

अंग तापलेलं, बोलणं भ्रमिष्ट, अशी अवस्था दिसली तर तो उष्माघात. सावलीत घे, लुगडं सैल कर, मान, काखा, जांघा ओल्या कापडानं सतत पूस, वारा घाल आणि १०८ बोलाव. क्रोसिननं तो ताप उतरत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते छातीत जातं. खिशातल्या कांद्यावर माझा राग नाही, माझ्या आईनंही ठेवला, पण खिशात कांदा आणि पोटात पाणी नाही असले लोक मी भरपूर भरती केले.

कूलर ऑफिसातून वॉर्डात आणायला लावणं हे काम तुला मला वाटतं जमेल, कारण त्यात त्यांना पैसा घालायचा नाही. कूलर खिडकीत लावायचा आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच. आपल्याकडे कूलरचा करंट लागून दरवर्षी माणसं जातात, आणि कूलरमध्ये पाणी भरायच्या आधी पिन काढायची हे तिथल्या प्रत्येकाला सांग. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करायची, डेंग्यूचा डास त्यातच होतो. टिनावर पांढरा चुना मारला, खिडक्यांना ओले पडदे लावले तरी फरक पडतो.

मिरग लागला की दुसरी तऱ्हा. गावाबाहेरची जागा आहे म्हणतेस. जमिनीवर कोणाला निजवत असतील तर खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढं करायला लाव. मण्यार रात्री निजलेल्या माणसाला चावतो, फारसं दुखत नाही, सूज नाही, सकाळी माणूस पापण्या उचलू शकत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचं असं झालं तर परत तेच, "म्हातारपण आहे".

आता तुझ्या खऱ्या प्रश्नावर येते. काढून टाकलं तर?

मॅनेजर जे बोलले ते त्यांनी याआधी पंधरा जणांना ऐकवलेलं असणार, आणि पंधराही जण गप्प बसले असणार. तोंडी बोललीस तर तुलाही तेच ऐकायला मिळेल. म्हणून कागदावर लिही. संस्थेच्या अध्यक्षांच्या नावानं एक पानाचं पत्र: अमुक तारखेला आईच्या माकडहाडावर एवढी जखम दिसली, डॉक्टरांनी असं लिहून दिलं, रात्रीच्या माणसांची संख्या, फिरवल्याची नोंद आणि वॉर्डात कूलर, या तीन गोष्टी आठ दिवसांत कराव्यात. शिव्या नाहीत, धमकी नाही. दोन प्रती घे, एकीवर पोच घे. कागद आला की माणसं वेगळं बोलतात. पुष्कळदा अध्यक्ष शहरात असतात आणि त्यांना वॉर्डात काय चाललंय हे ठाऊकच नसतं. आठ दिवसांत काही झालं नाही तर तीच प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे. ज्येष्ठांच्या जिवाचं आणि मालमत्तेचं रक्षण हे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं जिल्हा प्रशासनावर टाकलेलं काम आहे, तू उपकार मागत नाहीस. काय लिहावं कळेना तर १४५६७ ला फोन कर. ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, सकाळी आठ ते रात्री आठ.

भावाला हे पत्र वाचायला दे. पुण्याहून ८ हजार पाठवून तो मोकळा झाला असं मी म्हणणार नाही, पैसे न पाठवणारेही मला माहीत आहेत. पण त्या कायद्यानं आई एसडीओंकडच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी महिना १० हजारांपर्यंत मागू शकते हे त्याला माहीत असू दे. आणि तुलाही एक माहीत असू दे, तिथं मुलगा आणि मुलगी असा फरक नाही. लग्न करून दिलेली लेक म्हणून तू सुटत नाहीस, तशीच लेक म्हणून तुझा शब्द कमीही ठरत नाही. मॅनेजर "तुमच्या भावाला बोलवा" म्हणाले तर हे त्यांना ऐकव.

भावाला फोनवर अजून एक हिशेब सांग. चोवीसपैकी पंधरा घरं जरी देती असली आणि प्रत्येकानं महिना ७०० रुपये जास्त दिले तरी साडेदहा हजार होतात. रात्रीच्या दुसऱ्या बाईच्या पगाराला तो मोठा हातभार आहे. मात्र पैसे त्याच कामासाठी आणि तिचं नाव रजिस्टरात, ही अट लेखी. इतर नातेवाइकांचे नंबर ऑफिस देणार नाही. रविवारी फाटकापाशी उभी राहा, येणाऱ्यांशी बोल. एकटीची ती कटकट असते, सात-आठ घरं मिळून गेली की बैठक होते. आईला श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० येत असतील तर पासबुक कोणाकडे आहे तेही बघ.

आईला घरी आणायचं का, हे मी ठरवणार नाही, तूही एकटीनं ठरवू नकोस. जखम भरेपर्यंत तिला रोज ड्रेसिंग लागेल, दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसोबत ते कसं होईल हे नवऱ्याशी मोकळेपणानं बोल. पण त्याआधी, ती नीट शुद्धीवर आली की मॅनेजर खोलीत नसताना तिलाच विचार. उलटं उत्तरही येऊ शकतं. माझ्या पाहण्यातल्या एका आजी जखम भरल्यावर लेकाच्या घरी न जाता परत तिथंच गेल्या, कारण दुपारची चिंचोके खेळायला तिथं मैत्रीण होती. त्यांची अट एकच होती, रात्री बत्ती बंद करायची नाही.

परत जाशील तेव्हा पाण्याच्या बाटल्या दोन ने, झाकण सहज उघडेल अशा. एक शेजारच्या आजींना दे. त्यांना भेटायला कोण येतं ते तू लिहिलं नाहीस, बहुधा कोणी येत नसेल, आणि तरी बोलल्या त्याच. त्यांचं नाव ऑफिसात घेऊ नकोस. आईचं अंग बघून झालं की त्यांच्याही टाचा बघ.